पल्याड गेलेला धूर

आमचं गाव मुकुटबनच्या पुढं, पैनगंगेच्या काठावर. नदी ओलांडली की तेलंगणा. माझी थोरली बहीण तिकडच्याच गावात दिलेली आहे. मी इकडच्या शाळेत मास्तर, आणि नदीकाठी थोडं वावर.

दोन हिवाळ्यांपूर्वी पल्याडच्या वावरांमधून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाळल्याचा धूर आमच्या गावावर येऊन बसायचा. प्रार्थनेत पोरं खोकायची. मी अर्ज लिहिला, गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि तालुक्याला दिला. चौकशीला एक साहेब आले. म्हणाले, "पल्याड आमचं चालत नाही, गुरुजी. तिकडचं कार्यालय वेगळं. पत्र पाठवू. पण तुमच्याकडं तर कोणी जाळत नाही ना?"

"नाही साहेब, आम्ही बंद केलं," मी म्हणालो. भोवतीची माणसं खाली बघत होती. त्यांनी मला खोटं पाडलं नाही.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत, माझी पऱ्हाटी उभीच होती. कुट्टी करणारं यंत्र गावात एकच, माझा नंबर पंधरा दिवसांनी. मला उन्हाळी भुईमूग पेरायचा होता. एका सकाळी शाळेच्या आधी मी ढीग रचून पेटवला. वारा नदीकडं होता. बरं झालं, धूर शाळेवर येणार नाही, हेच माझ्या मनात आलं. आज ते आठवलं की कोणाकडं मान वर करून बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. आईला दम लागला, दवाखान्यात ठेवलंय. मी मोटरसायकल काढून पूल ओलांडला. ताई खाटेवर बसून मशीनमधून वाफ घेत होती. भाऊजी बाजूला उभे होते.

"काल सकाळी अंगणात मिरच्या वाळू घालत होती," ते म्हणाले. "तुमच्याच बाजूनं धूर आला. काळी राख पडली सगळ्या मिरच्यांवर."

ताईनं नळी बाजूला केली. "त्याले काहून बोलता? माह्या भावानंच तर धुराविरुद्ध अर्ज केला."

त्या अर्जाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये होता. शेजारच्या बायांना तिनं तो दाखवला होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी तिच्यासाठी आणलेलं मोसंबं सोलत बसलो आणि संध्याकाळच्या आत परत आलो.

आठ दिवसांनी ती घरी आल्यावर गेलो. भाऊजी बाहेर होते. मी म्हणालो, "ताई, तो धूर माझ्या वावरातला होता. मीच पेटवलं."

तिनं विचारलं, "दवाखान्यात काहून नाही सांगतलं?"

"हिंमत झाली नाही."

"वारा कुकडे होता, मालूम होतं तुले?"

"होतं."

ती उठली, आत जाऊन चहा ठेवला. कप माझ्यापुढं ठेवला, पण समोर येऊन बसली नाही.

महिन्याभरानं पल्याडच्या कार्यालयाचं पत्र आमच्या ग्रामपंचायतीत आलं. तिकडच्या लोकांनी धुराची तक्रार केली होती; मी पेटवलं त्या सकाळी कोणाच्या वावरात जाळलं, ही विचारणा होती. गावातली कागदपत्रं मीच लिहितो म्हणून सचिवानं ते माझ्याकडं दिलं आणि हळूच म्हणाला, "माहिती नाही, असं लिहून टाका, गुरुजी. सगळेच जाळतात."

मी माझं नाव आणि वावराचा गट नंबर लिहिला. सही करताना मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. ताईला सांगितलं तर ती फक्त "बरं" म्हणाली.

आता मी यंत्राची वाट बघतो, पेरणी उशिरा झाली तरी. ताईचा दमा मात्र गेला नाही. थंडी पडली की ती फोनवर बोलता बोलता थांबते, आणि तिचा श्वास परत लागेपर्यंत मी इकडं फोन धरून गप्प बसतो.