एकतीस वर्षांचे पाणी

फ्रीसलंड प्रांतातील ओस्टवीरम या गावी वीब्रन सिब्रांडी यांनी अडतीस वर्षे मुख्याध्यापकपद भूषविले, आणि त्या प्रदीर्घ काळात त्यांच्या हातून खडूचा एकही तुकडा नखाएवढा होण्यापूर्वी टाकला गेला नाही. निवृत्तीनंतर खडू संपले, व्रत मात्र अखंड राहिले. पुड्यांवरच्या दोऱ्या सोडवून, गुंडाळून, लांबीप्रमाणे लावून ठेवणे. चहाची पिशवी दुसऱ्या कपात बुडविणे आणि तिसऱ्या कपाकडे आशेने पाहणे. आणि हिवाळ्यात बैठकीच्या खोलीचे तापमान सतरा अंशांच्या वर जाऊ न देणे, ही त्यांची नित्यकर्मे होती. परमेश्वराने मेंढी निर्माण केली त्याअर्थी अठरावा अंश त्याला अभिप्रेत नव्हता, असे ते गंभीरपणे सांगत. त्यांची पत्नी बाउक्ये हे तत्त्वज्ञान सत्तेचाळीस हिवाळे ऐकत होती. पायांत दोन-दोन मोजे घालून ऐकत होती.

ऑक्टोबरात त्यांच्या माळ्यावरचा, घर तापविणारा बॉयलर एकतीस वर्षांच्या सेवेनंतर निमाला. नवा आणणे भाग पडले, आणि येथे एक आश्चर्य घडले. मास्तर त्या नव्या यंत्राच्या प्रेमात पडले. कारण हा उच्च कार्यक्षमतेचा बॉयलर धुराबरोबर बाहेर निसटणारी ऊबसुद्धा अडवून, पिळून, परत घरात आणीत असे. जाणाऱ्या पाहुण्याच्या खिशातून बिस्कीट काढून घेणारे असे यंत्र जगात आहे हे वाचून मास्तरांचे डोळे पाणावले. उभ्या आयुष्यात त्यांना स्वतःच्या विचारांचा कोणी भेटला नव्हता; तो हा असा, खोक्यातून आला.

सोबतची चौऱ्याऐंशी पानांची माहितीपुस्तिका त्यांनी तीनदा वाचली, व्याकरणाच्या अकरा चुका पट्टी धरून अधोरेखित केल्या आणि तिच्या सर्व आज्ञा मान्य केल्या. अपवाद एकाच पानाचा. त्यावर लिहिले होते की यंत्र सुरू करण्यापूर्वी रेडिएटरांतील, म्हणजे खोल्या तापविणाऱ्या भिंतींवरच्या लोखंडी पाणपेट्यांतील, जुने पाणी संपूर्ण काढून टाकावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत नळ्या धुवाव्यात.

हे वाचून मास्तरांनी पट्टी खाली ठेवली. त्या गावात बापाकडून मुलाकडे आलेली एक समजूत होती, की रेडिएटरातले पाणी जितके जुने तितके गुणी. त्यातला प्राणवायू केव्हाच संपलेला, गंज धरण्याची त्याची खोड मोडलेली. एकतीस वर्षे ज्याला तापवले, निववले आणि पुन्हा तापवले ते पाणी गटारात सोडायचे म्हणजे शिकवून तयार केलेला विद्यार्थी ऐन परीक्षेच्या दिवशी घरी पाठविण्यासारखे होते.

परंतु यावेळी प्रकरण केवळ पाण्याचे नव्हते. शनिवारी बाउक्येचा ऐंशीवा वाढदिवस होता, आणि तिने आठवड्यापूर्वीच, बटाटे सोलता सोलता, सांगून टाकले होते.

"वीब्रन, शनिवारी मी माझ्या बैठकीच्या खोलीत कोटाशिवाय बसणार. ते जमलं नाही, तर संध्याकाळी हिल्त्येबरोबर ड्राख्टनला जाईन आणि एप्रिलात परत येईन."

"तुझी बहीण घर बावीस अंशांवर ठेवते," मास्तर म्हणाले. दारूच्या गुत्त्याचे नाव घ्यावे तसे ते हा आकडा उच्चारीत.

"ठाऊक आहे. म्हणूनच तिकडे जायचं."

शुक्रवारी रिंस्के आली. पंचक्रोशीतले बॉयलर तीच बसवीत असे. ती चाळिशीची होती, आणि गावातल्या प्रत्येकाप्रमाणे ती मास्तरांच्या हाताखालून गेली होती. दिवसभरात तिने माळ्यावर नवे यंत्र टांगले, नळ्या जोडल्या आणि संध्याकाळी हात पुसत म्हणाली, "मास्तर, उद्या सकाळी पंप आणते. आधी सगळं धुऊन काढू, मग सुरू करू."

"पंप कशाला? रबरी नळी लावून ठेव. धुण्याचं मी बघतो."

"नक्की? पाणी खिडकीच्या काचेसारखं येईपर्यंत सोडायचं. जुन्या लोखंडी धुडाला गाळ चालायचा. ह्याच्या आतल्या वाटा आगपेटीच्या काडीएवढ्या आहेत."

"रिंस्के, तुला भागाकार कोणी शिकवला?"

"तुम्हीच, मास्तर. दोनदा," असे म्हणून ती नळी लावून गेली.

मास्तरांनी बागेत जाऊन नळीची तोटी उघडली. पेलाभर पाणी आले. ते काळे होते. मास्तरांना ते परिपक्व वाटले. त्यांनी तोटी बंद केली, पेला कुंडीतल्या जिरेनियमला घातला आणि एखाद्या वृद्ध सहकाऱ्याची नोकरी वाचविल्याच्या समाधानात घरात आले. बाउक्ये स्वयंपाकघरात विणीत बसली होती. तिने मान वर केली, थोडा वेळ काहीतरी ऐकल्यासारखे केले आणि पुन्हा विणू लागली.

शनिवारी सकाळी रिंस्केने जिन्यातच विचारले, "झालं धुऊन?"

"झालं."

"स्वच्छ आलं?"

"खिडकीच्या काचेसारखं," मास्तर म्हणाले.

या माणसाने अडतीस वर्षांत खोटे बोलणाऱ्या मुलांकडून 'मी खरे बोलेन' हे वाक्य किती हजार वेळा लिहून घेतले असेल, याची गणती नाही. रिंस्केने स्वतः ते दोनशे वेळा लिहिले होते. म्हणूनच तिला शंका आली नाही. ज्याने आपल्याला सत्य लिहायला लावले तो स्वतः काही वेगळे बोलेल, हा विचार तिच्या शिक्षणात कोठेच बसत नव्हता.

मग विधिपूर्वक तयारी सुरू झाली. बॉयलरच्या पोटाखाली एक वाकडी नळी असते. ती आधी पाण्याने भरावी लागते, नाहीतर धूर बाहेरची वाट सोडून घरात येतो. ती रिंस्केने भरली. गॅसच्या जोडांवर साबणाचा फेस लावला आणि कोठे बुडबुडा फुगत नाही ना ते वाकून पाहिले. पाण्याचा दाब काट्यावर आणला. तळमजल्यापासून वरपर्यंत एकेका रेडिएटरची किल्ली फिरवून आत कोंडलेली हवा सोडली. प्रत्येक किल्लीखाली मास्तर कॉफीचा कप धरून उभे राहिले, आणि रिंस्के आपल्या मीटरकडे पाहत पुढे सरकली की कपातले काळे थेंब जिरेनियमच्या दिशेने जाऊ लागले. शेवटी, एक वाजून गेल्यावर, तिने कळ दाबली. यंत्र गुणगुणले, ज्योत धरली, मीटरवर धुराचा आकडा निर्दोष आला.

"अभिनंदन, मास्तर."

"पाणी चांगलं असलं की असंच होतं," मास्तर म्हणाले. ते वाक्य त्यांना आवरले नाही.

पावणेदोनला माळ्यावर किटली उकळावी तसा आवाज झाला. मग खडखडाट, मग शांतता. दोनला पाहुणे आले.

खुर्च्या रीतीप्रमाणे गोलाकार मांडल्या होत्या. येणारा प्रत्येक जण उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाचा हात धरी आणि प्रत्येकाचे अभिनंदन करी. बाउक्येचे ती ऐंशी वर्षांची झाली म्हणून, मास्तरांचे पत्नी ऐंशी वर्षांची झाली म्हणून, शेजाऱ्यांचे शेजारीण ऐंशी वर्षांची झाली म्हणून. कॉफी फिरली. गुलाबी साखरेच्या थराचा केक फिरला. एकेक तुकडा, आणि डब्याचे झाकण बंद. तोपर्यंत सर्वांच्या ध्यानात आले होते की कोणीही कोट काढलेला नाही. बाउक्ये वर्तुळातल्या मानाच्या खुर्चीत निळ्या रेशमी झग्यावर लोकरी कोट चढवून बसली होती.

"वीब्रन," तिची बहीण हिल्त्ये म्हणाली, "तुझं नवं यंत्र फारच काटकसरी निघालं हो. बिलकुल काही खर्चच करत नाही."

"मालकाला शोभेल असं आणलंय," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले.

"कॉफी लवकर प्या. कपात गोठली तर दाताने फोडावी लागेल," दुसऱ्या कोणी पुस्ती जोडली.

रिंस्के पाहुणी म्हणूनच आली होती, हातात ट्यूलिपचा गुच्छ घेऊन. तो तिने बाउक्येच्या मांडीवर ठेवला आणि सरळ माळ्यावर गेली. मास्तर मागोमाग गेले. तिने बॉयलरखालची गाळणी उघडली. आत पाणी नव्हतेच. डांबरासारखा काळा चिखल होता. तिने तो बोटावर घेतला, मास्तरांच्या नाकासमोर धरला आणि विचारले, "काल किती पाणी सोडलंत?"

मास्तर छपराच्या वाशाकडे पाहू लागले.

"मास्तर, मी वर्गासमोर विचारत नाहीये."

"पेलाभर," मास्तर म्हणाले.

रिंस्केने बोट फडक्याला पुसले. रागावणे सोपे होते, आणि कदाचित सुखाचेही, पण ती फक्त एवढेच म्हणाली, "पंप आणायला वीस मिनिटं, धुवायला दीड तास. तेवढ्यात खाली जाऊन बाईंना सांगा. मी सांगणार नाही."

जिन्याच्या तेरा पायऱ्या मास्तर अडतीस वर्षांच्या मास्तरकीचे ओझे घेऊन उतरले. त्या वर्तुळात रिकामी जागा एकच होती, मधोमध. तेथे उभे राहून, सर्व माजी विद्यार्थ्यांच्या आणि मेहुणीच्या समक्ष, ते म्हणाले, "बाउक्ये, मी नळ्या धुतल्या नाहीत. धुतल्या असं सांगितलं."

हिल्त्येने कप बशीत ठेवला.

"ठाऊक आहे," बाउक्ये म्हणाली. "काल संध्याकाळी नळीतून पाणी वाहिल्याचा आवाज आला नाही. तेव्हाच बॅग भरली मी. दाराशी आहे."

मास्तरांनी वळून पाहिले. बाहेरच्या दालनात, घराचे तापमान ठरविणाऱ्या भिंतीवरच्या चकतीखाली, एक तपकिरी बॅग खरोखरच उभी होती, आणि आपण सकाळपासून चार वेळा तिला वळसा घालून गेलो हे त्यांना आठवले. तिच्यात काय आहे हे विचारावेसे एकदाही वाटले नव्हते. सत्तेचाळीस वर्षांत बाउक्येने सामान वाटेत ठेवले तर त्याला वळसा घालणे हेच त्यांचे संभाषण होते.

रिंस्केने पंप लावला. नळी अंगणातून गटारापर्यंत गेली आणि पाहुणे कप हातात धरून बाहेर जमले. कोट अंगावर होतेच. आधी शाई आली, मग काळा रस्सा, मग गंजलेला चहा. एकतीस वर्षांचे तपःपूत जल शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत गटारात उतरत होते आणि प्रत्येक रंगाला कोणी ना कोणी नाव देत होते. मास्तर नळीच्या तोंडाशी उभे होते. पाणी काचेसारखे झाले तेव्हा रिंस्केने विचारले, "आता?" आणि त्यांनी, कोणी सांगितले नसताना, पेलाभर उजेडासमोर धरून पाहिले व म्हटले, "अजून थोडं सोड."

हे वाक्य त्यांच्या तोंडून गावाने प्रथमच ऐकले.

साडेपाचला रेडिएटर हात लाववेना इतके तापले. बाउक्येने कोट काढून हिल्त्येच्या हाती दिला, दालनात गेली आणि चकती एकवीसवर फिरवली. हिल्त्येने दाराशी विचारले, "मग, येतेस ना?"

"बघते," बाउक्ये म्हणाली. "बॅग राहू दे तिथेच."

हिल्त्ये एकटी गेली. पाहुणे गेले. मास्तरांनी स्वेटरच्या बाह्या दुमडल्या, कपाळावरचा घाम पुसला, कप गोळा केले, उरलेल्या केकचा डबा दोरीने बांधला. नंतर, रोजच्या सवयीने, ते दालनात आले आणि चकती सतरावर आणायला त्यांनी हात पुढे केला. चकती गाठायला एक पाऊल पुढे जावे लागत होते, आणि त्या पावलाच्या जागी बॅग होती. ती हलवल्याशिवाय हात पोचत नव्हता. आणि हलवली, की तिच्या तळाच्या लोखंडी खुरांचा फरशीवर होणारा आवाज बैठकीच्या खोलीत ऐकू गेला असता, जिथे बाउक्ये अनवाणी बसली होती.

मास्तरांनी हात मागे घेतला आणि अंगातला स्वेटर काढून ठेवायला ते माडीवर गेले.