नेहाच्या पेटीची खंडेनवमी

लिहायची हौस मला नाही. चौथीत शाळा सुटली, सही करायलासुद्धा वेळ लागतो. पण इथे ख्राइस्टचर्चला दर बुधवारी लायब्ररीत आम्ही म्हातारे मराठी आईबाप जमतो. तिथले कुलकर्णी महिनाभर मागे लागलेत, "राऊत, नातीचे किस्से लिहून काढा!" ऐकणारं घरी कोणी नाही, म्हणून माझं डोकं खातात. आणि किस्से म्हणजे रंध्याखालच्या ढलप्या. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा पायाखाली. घ्या एकदाचे.

* * *

साल २०१८. माझ्या नातीच्या, नेहाच्या शाळेने फॉर्म दिला. आठवड्यातला एक दिवस शाळेऐवजी पॉलिटेक्निकला जाऊन काम शिका, किंवा शाळेत असतानाच युनिव्हर्सिटीचं गणित घ्या. क्रेडिट दोन्हीकडे धरणार, शाळेतही आणि पुढे कॉलेजातही.

कुलकर्णी बँकेतून रिटायर. त्यांना हे पटेचना. "एकदा अभ्यास करून दोनदा पास? मी तर दोनदा अभ्यास करून एकदा पास व्हायचो!"

नेहाने सुतारकामावर टिक केली. मी काही बोललो नव्हतो, देवाशपथ.

* * *

माझा मुलगा महेश इंजिनिअर. इथल्या भूकंपात पडलेल्या बिल्डिंगा पुन्हा उभ्या करायची डिझाइनं करतो. घरी पाहुणे जेवत होते तेव्हा त्याने फॉर्म बघितला.

"गणित घे."

"डॅड, तुझ्या बिल्डिंगा बांधतं कोण? गणित?"

पाहुणे हसले. महेश नाही हसला. म्हणाला, "बाबांनी जन्मभर लाकूड घासलं, तेवढं पुरे. आपल्या घरात पुन्हा सुतार नको!"

पाहुणे ताटात बघायला लागले. मीही. त्याचं इंजिनिअरिंग त्याच लाकडातून निघालं होतं. पण लोकांसमोर पोराला काय बोलायचं?

शेवटी महेशने सही केली, पण अट घालून. "एक वर्ष. एक जरी असेसमेंट चुकलं तर बंद. मग गणित."

* * *

पुण्याहून आणलेल्या माझ्या तीन पटाशा मी तिला दिल्या. "आजोबा, किती एन्शंट!" म्हणाली आणि हत्यारांच्या पेटीत तळाला टाकल्या.

पुढच्या आठवड्यात केसांत भुसा घेऊन पळत आली. "आजोबा, तुमच्या पटाशीची धार क्लासमध्ये बेस्ट! ट्युटर विचारत होता, म्हातारा विकतो का?"

"त्याला सांग, पटाशी मिळणार नाही. म्हातारा घेऊन जा!"

तेवढे सहा-सात महिने बरे गेले.

* * *

मग खंडेनवमी आली. बायको गेल्यापासून मी हत्यारं पुजली नव्हती. पूजा करायची तर कामातलं हत्यार नको? त्या वर्षी होतं. सकाळी गॅरेजमध्ये नेहाची पेटी उघडली, सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं. झेंडू कुठला मिळायला, शेजारच्या कोवायच्या झाडाची पिवळी फुलं वाहिली.

नेहा बूट घालून दारात उभी. "आजोबा, आय नीड दोज."

"आज नाही. आज हत्यार विश्रांती घेतं. तिथलंही उचलायचं नाही, शपथ आहे माझी."

तिने नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने गेली.

त्या दिवशी तिचं असेसमेंट होतं. पोरगी दिवसभर हाताची घडी घालून बाकीच्यांचं काम बघत बसली.

* * *

संध्याकाळी शाळेचा ईमेल आला, तेव्हा मला कळलं.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आरती म्हणत होतात."

ट्युटर भला माणूस. त्याने कळवलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतो. मी महेशपुढे हात जोडले. "अरे, चूक माझी आहे. तिचं नाव कापू नको."

महेश लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला, "बाबा, ठरलं होतं."

पुन्हा असेसमेंट झालंच नाही. मी नेहाची माफी मागितली. ती म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, आजोबा." म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'काही हरकत नाही'. आणि तिच्या खोलीचं दार लावून घेतलं.

* * *

पुढचं वर्षभर तिने युनिव्हर्सिटीचं गणित केलं. मार्क चांगले पडले. महेशने पेढे वाटले, नेहाने एकही खाल्ला नाही.

त्या हिवाळ्यात डेककडचं दार फुगलं. महेश रोज त्याला लाथ घालायचा. एका शनिवारी तो बाहेर गेला होता. नेहाने गॅरेजमधून पेटी आणली. मला काही विचारलं नाही. बिजागऱ्या सोडल्या, दार उतरवलं, कड रंधून काढली, पुन्हा बसवलं. मी नुसती कड धरून उभा होतो. एकदाच म्हणालो, "हात हलका ठेव." तिचा हलकाच होता.

महेश आला. दार एका बोटाने उघडलं. दोन-तीनदा उघडझाप केली, कडेवरून हात फिरवला.

"वा! काय हात आहे! कुणाला बोलावलं होतं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नेहा म्हणाली, "आजोबांच्या ओळखीचं आहे कुणीतरी."

"मग त्याला माझ्यातर्फे थँक्स सांगा, बाबा."

थँक्स मला नकोत. मला माफी हवी आहे, पाहुण्यांसमोर म्हटलेल्या त्या 'पुन्हा सुतार नको'बद्दल, आणि ती अजून न मागितलेल्या माणसाचं पूर्ण नाव महेश रघुनाथ राऊत.