बाहेरची कडी

पुरुषांशी स्त्रियांवरच्या हिंसेविषयी बोलण्याची नोकरी काही वर्षं केली, की माणसाजवळ दोन गोष्टी साठतात: ॲसिडिटी आणि किस्से. ॲसिडिटीवर गोळी मिळते. किस्से कुठे ठेवायचे, हा प्रश्न असतो. अहवालात ते बसत नाहीत, कारण अहवालाला निष्पन्न काय झालं ते लागतं. घरी सांगावेत, तर ऐकणारा आधी हसतो आणि मग जेवण अर्धवट टाकून उठतो. म्हणून ते आमच्या जीपमध्येच साठत गेले. अमरावतीहून निघायचं, कधी तिवस्याकडे, कधी अकोल्यावरून बाळापूरकडे. जाताना जुने किस्से उगाळायचे आणि येताना नवे घेऊन यायचे.

शेतीच्या संकटाची वर्षं होती. गावोगाव पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या फिरत होत्या, आणि प्रत्येक गाडीतून उतरणारा माणूस घरातल्या पुरुषाच्या मनःस्थितीची चौकशी करत होता. त्या मनःस्थितीचा घरातल्या बाईच्या पाठीवरच्या वळांशी काय संबंध आहे, हे विचारायला आमची संस्था होती. पद्धत नवी होती: बायकांना "सहन करू नका" सांगण्याऐवजी पुरुषांनाच "करू नका" असं सांगायचं. तत्त्व मला पटलं होतं. पद्धतीविषयी मी साशंक होते. तशी मी कशाविषयीच निःशंक नसते. विद्यापीठात मला एवढंच नीट शिकवलं गेलं.

* * *

पहिली सभा बाळापूर तालुक्यातल्या एका गावात होती. "पुरुषांची सभा" अशी सूचना सरपंचांनी स्वतः लाउडस्पीकरवरून दिली होती. आम्ही समाजमंदिरात पोचलो, तर सतरंजीवर झाडून सगळ्या बायका!

माझा सहकारी शरीफभाई बाळापूरचाच. घरचं कापडाचं दुकान भावावर सोपवून या कामात आलेला. तो हळूच म्हणाला, "मॅडम, गाव तो सही है ना?"

मी सरपंचांना विचारलं, "पुरुषांना बोलावलं होतं ना?"

"त्याइनंच तं धाडलं बायाइले," सरपंच म्हणाले. "सभेत बसाचं काम बायाइचंच असते मॅडम. तुमी सांगून द्या, थ्या घरी जाऊन सांगतीन."

म्हणजे बायकोला मारू नये, हा निरोप मार खाणाऱ्या बाईनेच घरी न्यायचा! पुढे बसलेली एक बाई पदर सावरून म्हणाली, "सांगा जी. पन जरा जोरानं सांगजा. थे बाहीरच उभे हायेत."

* * *

यथावकाश पुरुष आत येऊ लागले. आत येताना प्रत्येक जण एकच शब्द घेऊन येई: टेन्शन.

"पानी नाही, मालाले भाव नाही. टेन्शन हाय मॅडम. मानूस कुठंतरी तं काढीन!" एक जण म्हणाला.

"बाईला टेन्शन येत नाही का?" मी विचारलं.

"येते ना!" तो तत्परतेने म्हणाला. "आमचंच येते."

सभा खदखदून हसली. शरीफभाईही हसला. मग तो एकदम थांबला. मी पाहिलं, आणखीही बरेच जण मध्येच थांबले होते.

* * *

यापुढचं सगळं तिवसा तालुक्यातल्या एकाच गावातलं.

तिथल्या पुरुष गटात देविदास नावाचा गृहस्थ होता. मळ्यात झेंडू आणि वांगी, उरलेल्या वावरात कापूस. बोलणं लाघवी. कुठल्याही प्रश्नाला सर्वांत आधी हात वर त्याचा. त्याची बायको लीलाबाई. तिचा हात झेंडूच्या हारांशिवाय कधी दिसला नाही.

आमचा एक ठरलेला सराव असे. पुरुषांनी आपल्या बायकोचा दिवस सांगायचा: ती कधी उठते, काय करते, कधी जेवते. देविदासने घडाघडा सगळं सांगितलं. मी विचारलं, "आणि ती बसते केव्हा?"

"बसते ना मॅडम!" तो म्हणाला. "हार ओवते तवा बसलेलीच असते."

टाळ्या पडल्या. आमच्या संचालकांनी माझ्या कानाशी वाकून सांगितलं, "या माणसात नेतृत्वगुण आहेत." ही गोष्ट मलाही नाकारता येत नव्हती, आणि म्हणूनच मी अस्वस्थ होते.

* * *

मग नाटुकल्याचा सराव. नवरा जेवताना चिडतो, ओरडतो, आणि पुढे हात न उचलता स्वतःला आवरतो, एवढाच प्रसंग. बायकोची भूमिका करायला एकही पुरुष तयार होईना. अखेर शरीफभाईने डोक्यावरून ओढणी घेतली. दाढीवर ओढणी पाहून मंडळी लोटपोट झाली. नवरा अर्थातच देविदास.

"भाजीत मीठ काऊन जास्त टाकलं?" देविदास ओरडला. इथपर्यंत ठरल्याप्रमाणे.

पुढे जे झालं ते एका दमात झालं. त्याने डाव्या हाताने ओढणीचं टोक धरलं, मनगटाभोवती एक वेढा घेतला आणि ते आवळलं. शरीफभाईची मान आपोआप खाली आली. उजवा हात वर गेला, आणि तिथे मात्र थांबला. ना धडपड, ना आवाज! ज्या माणसाला पदर नेमका कुठून धरायचा हे शोधावं लागत नाही, त्याचीच ती हालचाल होती.

देविदासने चारी बाजूंना पाहिलं. "नाटक हाय ना बाप्पा!" तो हसून म्हणाला. पुन्हा टाळ्या.

परतताना शरीफभाई बराच वेळ मान चोळत होता. मोझरी गाव मागे पडल्यावर म्हणाला, "मॅडम, नाटक मैंने किया. उसने नहीं."

* * *

आमच्या प्रशिक्षणात एक सूचना होती: राग आल्यास त्या जागेपासून दूर जावं. प्रशिक्षण देणाऱ्या गृहस्थांना मी तेव्हाच विचारलं होतं, "पुरुष दूर गेल्यावर बाई कुठे असते?" ते म्हणाले, "फार चांगला प्रश्न आहे," आणि त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

देविदासने त्या सूचनेचा गावात रिवाजच करून टाकला. राग आला की घराबाहेर पडायचं आणि मारुतीच्या पारावर येऊन बसायचं. कोणी कोणाला कारण विचारायचं नाही. बघता बघता पार भरू लागला. चहावाल्याने आपली टपरी उचलून पाराशेजारी आणली. पत्ते आले.

हापशीवर बायका एकमेकींना विचारत, "आज कोनाकोनाले राग आला वो?" एक म्हणाली, "आमच्या घरी तं पानी भराच्या वेळेसच राग येते!"

पण मारहाण थांबली होती. हे मी कोणाच्या सांगण्यावरून मानलं नाही. घरोघरी गेले, प्रत्येक बाईला एकटीला गाठून विचारलं. प्रत्येकीने सांगितलं, "हात नाही उचलत आता." लीलाबाईनेही हेच शब्द वापरले. माझा नाइलाज झाला आणि मी विश्वास ठेवला.

* * *

कापूस घरात येऊन पडला होता. भाव वाढेल या आशेने कोणीच विकत नव्हतं. घरोघरी माणसांच्या झोपायच्या जागेत आढ्यापर्यंत कापूस. अशा दिवसांत एकदा मी न कळवता त्या गावात गेले.

लीलाबाईच्या दाराला बाहेरून कडी होती. वावरात गेली असेल, असं समजून मी वळले. मागून आवाज आला.

"मॅडम, थांबा. मी घरातच हावो."

खिडकीच्या गजांमागे लीलाबाई होती. तिच्या मागे कापसाचा ढीग, मांडीवर झेंडू.

"कडी कोणी लावली?"

"कोन लावन? राग आला त्याइले. थे पारावर गेले."

माझा हात कडीकडे गेला. "नोका काढू!" ती एकदम म्हणाली. "थे इचारतीन, कोनं काढली."

मी पारावर गेले. देविदास उठून उभा राहिला; पाहुण्याला मान द्यायला तो चुकत नसे. "हात नाही उचलला मॅडम! तिलेच इचारा."

"आणि कडी?"

"मागं मागं आली तं राग कसा शांत होईन?" तो समजुतीच्या सुरात म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या माना पाहून मला शंका आली. मी एकेकाला विचारलं. पारावर बसलेल्या प्रत्येकाने घराला बाहेरून कडी लावली होती! कोणी ते लपवलंही नाही. त्यांच्या लेखी तो नियमाचाच भाग होता.

"घरात कापूस आहे. चुलीची ठिणगी उडाली तर?"

"थे काय येडी हाय का?"

"मग बाहेरची कडी काढून टाका."

"अन् वावरात जाताना कुलूप कुठं लावू?" देविदासने विचारलं.

प्रश्न रास्त होता. त्याने माझ्यादेखत घरी येऊन कडी काढली, मला बसायला खाट टाकली, आणि गुळाचा चहा करायला बायकोला सांगून तो मळ्यात गेला.

लीलाबाई चुलीशी बसली, पण तिने काडी ओढली नाही. दाराकडे पाहत राहिली. म्हणाली, "पयले मारून मोकये होत. आता थे तठी चा पेते अन् मी आतमंदी. सैपाक नाही केला तं आल्यावर अजून राग येते. चूल पेटवली तं कापसाचं भेव वाटते. अन् दार असं." मग माझ्याकडे वळून, "मले बाकी काही नोको जी. थे बाहीरची कडी तेवढी बंद करा."

* * *

संचालकांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. सगळं, क्रमाने.

"मारहाण थांबली की नाही?" त्यांनी विचारलं.

"थांबली. पण बाई कोंडलेली आहे. आग लागली तर..."

"मॅडम, मुंबईहून पाहुणे निघालेत. देविदासचा सत्कार ठरलाय, 'आदर्श पुरुष' म्हणून. कडी हिंसेच्या व्याख्येत बसते का?"

"बसते."

"मग व्याख्या कार्यक्रमानंतर सांगा," ते म्हणाले. "कडीचं नंतर बघू."

कोंडलेल्या बाईसाठी 'नंतर' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे सुशिक्षित माणसाला समजावून सांगावं लागतं! आणि मी समजावूनही त्यांना ते समजलं नाही.

मी गावात जाऊन लीलाबाईला खरं ते सांगितलं: कडीचा विषय सत्काराआधी निघणार नाही. ती रडेल, चिडेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "सत्कार कुठं हाय?"

"शाळेच्या मोठ्या खोलीत."

"सगळे येतीन?"

"सगळे पुरुष. पाहुणेही."

"आतमंदीच बसतीन ना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि हार ओवू लागली. सत्काराच्या हाराची ऑर्डर तिलाच होती.

* * *

सत्कार ऐन दुपारी झाला. शाळेच्या खोलीत गटाचे यच्चयावत पुरुष, पुढे मुंबईचे पाहुणे, मध्ये आमचे संचालक. चहावालासुद्धा टपरी सोडून आत आला होता. देविदासच्या गळ्यात लीलाबाईनेच ओवलेला झेंडूचा हार.

देविदास बोलायला उभा राहिला. "बाईवर हात उचलते थो मर्द नोय!" टाळ्या. "राग मानसाले येतेच. पन रागावर इलाज हाय!" आणखी टाळ्या.

दाराशी लीलाबाई दिसली. तिने मला खुणावलं. "मॅडम, जरा बाहीर येता का?"

मी उठून बाहेर आले. तिने दार ओढलं, लोखंडी कडी सरकवली, आणि पदराला हात पुसले.

आत भाषण चालूच होतं. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. टाळ्यांचा आवाज आणखी दोनदा आला. मग कोणीतरी दार ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. मग सगळेच दाराशी जमले असावेत, कारण दार बिजागऱ्यांसकट हलू लागलं. खिडकीच्या गजांमागे आधी शरीफभाईचा चेहरा आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, लीलाबाईकडे पाहिलं, आणि तो शांतपणे आत जाऊन बसला.

"लीले!" देविदासचा आवाज. "कडी काढ! काढतं का नाही?"

माझा हात कडीकडे गेला.

"नोका काढू," लीलाबाई म्हणाली. "थे इचारतीन, कोनं काढली."

माझ्या पर्समध्ये मोबाइल वाजू लागला.

"कोन हाय?" तिने विचारलं.

"आमचे सर. आतून."

"त्याइले सांगा, मी हात नाही उचलला," लीलाबाई म्हणाली. "राग शांत झाला का येतो."

ती पाराकडे निघाली. तिला बसता यावं म्हणून पारावरच्या बाकीच्या बायकांना थोडं सरकून घ्यावं लागलं.