फ्लूच्या साथीतला सामना
सत्तावन्न सालच्या फ्लूच्या साथीत, एका रविवारी, मी भावाला खेळायला सोडलं. निलगिरी तेलाच्या वासानं तो दिवस आठवतो. जुन्या जालन्यातल्या पोरांचे फुटबॉलचे सामने मी भरवत असे. ताप असलेलं पोर मैदानात जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून बघायचो. धाकट्या भावाचे डोळे लाल दिसले. "दादा, ताप बिलकुल न्हाई. जल्दी सोड, खेळ सुरू होऊन राह्यला." कपाळ गार लागलं. "जा," म्हणालो. मध्यंतरात दुसऱ्या संघाच्या मास्तरांनी हात मिळवायला माझा हात हातात घेतला आणि दचकून म्हणाले, "अहो, ताप तर तुम्हालाच हाये!" माझ्या तापलेल्या हाताला भावाचा ताप कळलाच नव्हता. मी धावलो. तो गोलाजवळ खाली बसला होता. आठ दिवसांनी मी अंथरुणातून उठलो, तो उठला नाही. आता घरात आई आणि मी आहोत.