माझा दुसरा ब्रेक

“रुचा, ब्रेक. अगं ब्रेक म्हणते ना.”

मी ओरडत होते आणि माझा पाय खालचं मॅट दाबत होता. तिथे ब्रेक नव्हता. असणार कुठून? गाडी माझी नव्हती.

मुलुंडला माझं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा आमच्या. लोक म्हणायचे, मॅडम किती शांत. शांत कसली डोंबलाची. पोरं चुकायच्या आधीच माझा पाय खाली जायचा. वर मी मिरवायची, माझ्या एकाही स्टुडंटने साधा ओरखडा काढला नाही. पन्नाशीला आले होते, पण अक्कल लर्निंग लायसन्सवरच.

रुचा माझ्याकडेच शिकली. एकोणीस वर्षांची, हातात लायसन्स कोरं. तिच्या वडिलांनी, सावंतांनी, भारी पॉवरची गाडी घेतली आणि मला बोलावलं.

“मॅडम, आठ दिवस हिच्या शेजारी बसा. गाडी तापट आहे.”

“माझी स्टुडंट आहे ती, सावंत. काळजी सोडा.”

तीन दिवस आरेच्या रस्त्यावर चाळीसच्या आत नीट चालवली तिने. चौथ्या दिवशी सकाळी मलाच खाज सुटली. सगळं आयुष्य सेकंड गिअरमध्ये गेलेलं.

“रुचा, जरा दाबून बघ ना. कळू दे तरी काय असतं ते.”

“बाबा चाळीसच्या वर नको म्हणालेत.”

“बाबा मागे बसलेत का?”

तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. मी हसलेसुद्धा. पुढे वळण, वळणावर सायकलवरचे दूधवाले भैया. तिने ब्रेक मारला, पण उशिरा. आरसा हँडलला लागला. भैया पडले, कॅन गडगडले, दूध रस्ताभर. मनगट मोडलं त्यांचं.

आम्हीच त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. सावंत धावत आले.

“कोणी सांगितलं एवढं दाबायला?”

रुचाने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. रुमाल हातातच होता.

“मीच दाबलं, बाबा,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले आणि उभ्या उभ्या खरं सांगितलं. सावंतांनी टीव्ही बंद केला.

“तेव्हा का नाही बोललात?”

बीपी वाढल्याचं कारण तयार ठेवलं होतं. तेवढं खोटं नको म्हटलं. रुचा दारात उभी होती.

“मॅडम, मी ब्रेकला उशीर केला. मला वाटलं, तुम्ही दाबाल.”

तिला ब्रेक मारायला मी कधी शिकवलंच नव्हतं. मीच मारत आले होते.

भैयांचा हात जुळला, पण कॅन ते आजही डाव्या हातानेच उचलतात. रुचाने परत स्टिअरिंग धरायला दीड वर्ष घेतलं.

त्यानंतर स्कूल बंद करेपर्यंत प्रत्येक स्टुडंटला त्याच्या शिकण्याच्या शेवटच्या आठ दिवसांत मी रिकाम्या रस्त्यावर न्यायची आणि पाय ब्रेकवरून उचलून सीटवर मांडी घालून बसायची. कोणी विचारलं तर सांगायची, गुडघे दुखतात. मांडी घालून कोणाचे गुडघे दुखायचे थांबलेत, पण कोणी उलट विचारलं नाही.

आता नातीला अठरा पूर्ण झालीत. “आजी, तूच शिकव, पण गुडघे सांभाळ,” म्हणते. तिला खरं कारण काल सांगितलं. ऐकून ती हसली नाही.