वहिनीनं कोणती घेतली?

माझ्या कचेरीच्या पाटीवर 'आयकर, जीएसटी, हिशेब तपासणी' या ओळीखाली मी एक नवी ओळ रंगवून घेतली: 'डेटा गोपनीयता सल्ला'. नवा कायदा आला होता, मी ऑनलाइन अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र मिळवलं होतं, आणि भंडाऱ्यात हे काम करणारी पहिली आपणच, या आनंदात माझे पाय जमिनीवर नव्हते. महिनाभरात एकच माणूस आला. त्याचा लॅपटॉप हळू चालत होता.

मग आले मोहाडीचे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचे दुकानदार. त्यांचं जीएसटीचं काम माझ्याकडेच होतं. त्यांची एक सवय सगळ्या तालुक्याला माहीत होती. गोंदिया वेगळा झाला, जिल्हा निम्मा उरला, पण त्यांच्या दुकानातल्या चौकशा होत्या तेवढ्याच राहिल्या. लग्नसराईत बाई गादीवर टेकली की तिचा पहिला प्रश्न असायचा, "आमच्या जावेनं कोनती घेतली जी?" दुकानदार विक्रीची वही काढत, मोबाइलमधला फोटो दाखवत आणि म्हणत, "त्यायनं हे घेतली. तुमी याच्यावरची घ्या."

त्या वर्षी एका मास्तरांनी मुलीचं लग्न ठरल्याचं भावकीत अजून सांगितलं नव्हतं. यांनी मास्तरांनी घेतलेल्या शालूचा फोटो नेमका त्यांच्या थोरल्या भावजयीलाच दाखवला. भाऊ रुसला, आणि मास्तर दुकानात येऊन तक्रारीची भाषा बोलून गेले.

"म्याडम, मी तं कौतुकानं सांगतलं जी," दुकानदार म्हणाले. चेहरा पार उतरला होता.

मला त्यांची कीव आली आणि आनंदही झाला, खोटं कशाला बोलू? मी त्यांच्या मोबाइलमधले फोटो पुसायला लावले. वही कपाटात गेली. संमतीचा एक कागद तयार केला, त्यात 'माझी खरेदी कोणाला सांगावी' याच्यापुढे मोकळी ओळ. भिंतीवर फलक लागला: 'एकाची खरेदी दुसऱ्याला सांगितली जाणार नाही.' फलकाशेजारी उभी राहून मी स्वतःचा फोटोही काढून घेतला.

पुढच्याच महिन्यात चुलतभावाचं लग्न निघालं आणि आईनं मला हाक मारली.

इथे आई आणि आत्याचं सांगायला हवं. दोघी एका वयाच्या. आई लग्न होऊन आली तेव्हा नणंद-भावजय एका ताटात जेवायच्या. पुढे आत्याला करडी गावी दिली. मग कुठल्याशा बारशात कोणी तरी बोलून गेलं की, आत्यापुढे वहिनी अगदीच साधी दिसते. तेव्हापासून प्रत्येक कार्यात आई आत्याच्या एक पायरी वर, आणि पुढच्या कार्यात आत्या आईच्या. आईला जांभळा रंग डोळ्यांसमोर नको असतो, तरी आत्याच्या जांभळ्यांवर मात करायला घेतलेल्या तीन भारी जांभळ्या साड्या तिच्या कपाटात आहेत. दोघींमधलं बोलणं मात्र 'या' आणि 'बसा' एवढंच उरलं होतं. मला ते फार लागायचं.

"आत्यानं कोनती घेतली, तेवढं दुकानात इचारून ये," आई म्हणाली. "यावेळी मी खाली पडली तं मांडवात पाय नाही ठेवनार."

"आई, तो फलक मीच लावलाय."

"तूच लावला तं तुले नाही कोन म्हनल?"

हा मुद्दा मला पटला. स्कूटर काढून मी मोहाडी गाठली.

"नुसता रंग सांगा," मी म्हणाले.

"नाही जी."

"बरं, काठ?"

त्यांनी फलकाकडे बोट दाखवलं. "तुमीच शिकवलं, म्याडम. आत्याबाईची सही आना, सारं सांगतो."

मी इतकी चिडले की समोर आलेला चहा तसाच टाकून निघाले. विद्यार्थी हुशार निघाल्याचा राग मला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

"गावात सांगनारा एक मानूस होता, त्याचंबी तोंड तू शिवलं," आई म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी एकटीच दुकानात गेली. परतल्यावर पिशवी उघडून दाखवली नाही. "मले आवडली ते घेतली," एवढंच म्हणाली.

लग्नाच्या दिवशी तिनं ती नेसली तेव्हा मला धस्स झालं. कोशाचा मूळ रंग, बारीक लाल करवती काठ. सुंदर होती, पण तिच्या सगळ्या साड्यांत साधी. आणि आम्ही मांडवात पोचतो न पोचतो तोच करडीची गाडी आली. आत्या उतरली. कोशाचा मूळ रंग, बारीक लाल करवती काठ.

आई आत्याकडे पाहत राहिली. आत्या पुढे आली आणि आईचा पदर दोन बोटांत धरून चाचपला.

"वयनी, तुमी आमच्या घरी पहिल्या दिवाळीले अशीच नेसून होत्या ना? तवापासून मनात होती माह्या."

"मंग इतले वर्सं काहून नाही घेतली व?"

"तुमी कधी घेऊ देली?"

आई आधी रागावणार असं वाटलं, पण ती हसत सुटली. आत्याही हसली. हसता हसता दोघींचे डोळे भरले, आणि माझेही.

पंगतीत दुकानदार भेटले. "दोघींनी एकच घेतली हे तुम्हाला ठाऊक होतं!" मी म्हणाले.

"होतं ना जी. आत्याबाईबी इचारून गेल्या होत्या, वयनीनं कोनती घेतली म्हून. तुमच्या आईनं तवा काही घेतलंच नोतं. पन मी तेबी नाही सांगतलं." वाटीतली बुंदी संपवत ते म्हणाले, "सांगत बसलो असतो तं दोघीबी आज जांभळ्यात असत्या."

आत्यानं विचारलं होतं हेही त्यांनी मला सांगायला नको होतं. पण मी त्यांच्या वाटीत आणखी बुंदी वाढायला लावली.

पुढच्या लग्नाच्या खरेदीला आत्या करडीहून आधी आमच्या घरी आली आणि आईला घेऊन मोहाडीला गेली. मीही बरोबर होते. दुकानदारांनी नियमाप्रमाणे दोघींपुढे संमतीचे कागद ठेवले.

"हे कायले?" आईनं विचारलं. "एका गादीवर तं बसलो आहो."

कागद तसेच कोरे राहिले. आत्यानं एक जांभळी साडी उचलून आईच्या खांद्यावर टाकली, आणि आईनं ती आत्याच्याच डोक्यावर फेकली.