वाडीची संमती

त्याने माझा अंगठा धरला. विचारलं नाही. मनगट ओढलं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. बाजारात बैलाला डाग देतात तसा.

मी म्हटलं, "भाऊ, मला सही येते."

तो जंगल समितीचा अध्यक्ष. खालच्या गावातली भाताची निम्मी खाचरं त्याची. मान वर न करता तो म्हणाला, "कातकऱ्याचा अंगठाच बरा दिसतो गो. साहेबांना खरं वाटतं."

त्याच्या ओटीवरचे सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. वाडीवर वाचता येणारी बाई मी एकटीच. पण तिथे मी वाचायला बसले नव्हते. जंगल राखायला आणि धबधब्यापर्यंत पायवाट बांधायला सरकारचं अनुदान यायचं होतं. समितीत आदिवासी बाई हवी, अशी अनुदानाची अट. म्हणून मी सभासद. सभेला मी पायरीखाली बसायची. चहा मला वेगळ्या कपात. तो कप मीच विसळून वळचणीला ठेवायचा.

दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. पोलादपूरच्या त्या डोंगरात पायवाट होतीच. आमच्या बायांच्या पायांनी पडलेली. त्याच वाटेने आम्ही माळावर चढायचो. करवंदं, कंद, सुकी लाकडं आणायचो. करवंदं महाडच्या एसटी स्टँडवर नेऊन विकायचो. आता त्याच वाटेला दगडी पायऱ्या होणार होत्या. दगड वाहिले आम्हीच. मजुरी मिळाली, आम्ही खूश झालो. मीच बायांना सांगितलं होतं, सरकार आपल्यासाठी करतंय.

पावसाळा सरला आणि वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक लागलं. फाटकावर अध्यक्षाचा पुतण्या राखणदार. मुंबई-पुण्याचे लोक गाड्यांनी यायचे, तिकीट काढून आत जायचे. आम्हाला फाटक बंद.

माझी आय तरीही गेली. जन्मभर गेली होती, तशीच. उतरताना पुतण्याने तिला धरलं. डोक्यावरचा भारा खाली पाडला, कमरेचा कोयता काढून घेतला. पर्यटकांसमोर तिला कान धरून उभं केलं. साठीची बाई. कोणीतरी फोटो काढला म्हणे.

ती घरी आली, भिंतीला टेकून बसली. रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "तू हायस ना त्या समितीत?"

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी गेले. बाजूला हिरवा फलक होता. इतके दिवस मी त्याच्या समोरून जायची, कधी थांबून वाचला नव्हता. त्यावर लिहिलेलं, हे वन वाडीवरील आदिवासींच्या संमतीने चराई व तोडीसाठी बंद करण्यात आले आहे.

संमती. म्हणजे ओटीवरचा माझा तो अंगठा. माझ्या आयला मीच अडवलं होतं. तिथेच पायरीवर बसले. ती पायरी मीच बसवलेली. पुतण्या ओरडला, तिकीट नसेल तर ऊठ. मी उठले.

महिन्याभराने जिल्ह्याहून साहेब आले. समितीला त्यांच्याकडे अनुदानाचा पुढचा हप्ता मागायचा होता. आता त्यातून सगळ्या माळाला कुंपण घालायचं होतं. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडलेल्या, वाडीवरच्या बाया खाली मातीत. अध्यक्षाने मला हाक मारली. कागद पुढे केला, शाईचं पॅड उघडलं.

मी कागद उचलला आणि उभी राहिले. मोठ्याने वाचायला लागले. आवाज फाटत होता. वाडीतील सर्व कुटुंबांनी माळावरील चराई, लाकूडफाटा व रानमेवा यांवरील हक्क स्वखुशीने सोडला आहे. एवढं वाचलं आणि मागे वळून बायांना विचारलं, कोणी सोडला? आय उभी राहिली. म्हणाली, "मी नाय सोडला." मग दुसरी उठली. मग सगळ्या.

साहेब मऊ आवाजात म्हणाले, "बाई, ही फक्त कागदाची रीत असते."

"मग खरं लिहा की. खरं लिहायला काय अडतं?"

अध्यक्ष माझ्या कानाशी वाकला. "वाडीवर यायचं नळाचं पाणी तुझ्यापायी अडकंल. समजून सही कर."

त्या दिवशी त्याला माझी सही चालत होती.

त्याच्या खिशातलं पेन मी काढून घेतलं. कागदावर आडवं लिहिलं, मी वाचलं, हे खोटं आहे, मला मंजूर नाही. खाली माझं पूर्ण नाव, बापाचं, वाडीचं. अक्षर वाकडं आलं. पण वाचता येत होतं. साहेब ते वाचून गाडीत जाऊन बसले.

हप्ता थांबला. माळाला कुंपण पडलं नाही. पण फाटक आहे तिथेच राहिलं. नळ वाडीवर आला नाही. अनुदानातून मिळणारी झाडांचे खड्डे खणायची मजुरी बंद झाली, तेव्हा ज्या बाया माझ्यामागे उठल्या होत्या त्याच मला शिव्या देऊ लागल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. भाताच्या लावणीला मला गावातल्या कोणी बोलावलं नाही. नवरा वीटभट्टीवर कामाला गेला. समितीत माझ्या जागी दुसरी घेतली, माझी चुलत जाऊ. तिला अक्षर येत नाही, म्हणूनच घेतली.

जंगल राखायला मी नाही म्हणत नाही. आम्ही नसतो तर राखायला काही उरलंच नसतं. पण आम्हाला बाहेर काढून राखलेलं जंगल मला मान्य नाही. ते अनुदान कोणाचंही असो.

आता रोज दुपारी जावेला घेऊन बसते. ती पाटी फेकते, मी परत हातात देते. आणि सकाळी फाटक ओलांडून माळावर जाते. भारा घेऊन उतरते. पुतण्या आडवा आला की सांगते, अडवायचं तर लेखी अडव, खाली तुझं नाव घाल. अजून त्याने लिहून दिलेलं नाही. देईल त्या दिवशी तो कागद घेऊन महाडच्या कोर्टात जाईन. चालत जावं लागलं तरी.